आकाश तेच, ड्युटी नवी

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर, थोडाफार हात फिरवून)



कार्यकारिणीने मला "कशावर बोलशील?" असं विचारलं तेव्हा मी उत्साहात "क्लाउड मायग्रेशन" असं सांगितलं होतं. फोनवर बराच वेळ शांतता. मग पलीकडून हळूच, "अरे, जेवणाआधी आहे रे भाषण. दुसरं काही नाही का?" तर हे ते दुसरं काही. लष्करी विमान चालवणारा माणूस नागरी वैमानिक होतो म्हणजे नेमकं काय काय होतं, यावर मी बोलणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, तू तर कॉम्प्युटर इंजिनिअर, तुझा काय संबंध? दोन संबंध आहेत. पहिला पोटापाण्याचा. इथे डॅलसला मी कन्सल्टंट म्हणून ज्या सिस्टिमवर काम करतो, ती वैमानिकांच्या ड्युट्या लावते. कुठल्या कंपनीची ते सांगायला करार आडवा येतो, पण त्या सिस्टिमच्या आवश्यकता मला समजावून सांगायला समोर बसणारे निम्मेअधिक लोक एकेकाळी अमेरिकन एअरफोर्स नाहीतर नेव्हीत विमानं उडवत होते. त्यांच्याबरोबर जेवताना कानावर पडतं ते पडतं. दुसरा संबंध रक्ताचा. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, वीस वर्षं भारतीय हवाई दलात होता. २०२३ साली तो बाहेर पडला आणि आता प्रवासी विमान चालवतो. त्या दोन वर्षांत आमच्या घरात जे काही झालं, त्यातला मी एक कारकून होतो. कारकून का, ते पुढे येईलच.

आणि तिसरंही एक कारण आहे. आपल्याच मंडळातल्या दोन घरांतली मुलं हल्ली एअरफोर्सचं नाव काढायला लागली आहेत. त्यांच्या आयांनी मला पार्किंग लॉटमध्ये गाठून एकच प्रश्न विचारला, "म्हणजे नंतर एअरलाइनमध्ये जाता येतं ना रे सहज?" जाता येतं. "सहज" या शब्दाबद्दल मात्र बोलायला हवं.

दादा साताऱ्याच्या सैनिक स्कूलचा. १९६१ साली सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा, हे सातारकर दर दहा मिनिटांनी सांगतात, मीही सांगून घेतो. तिथून खडकवासल्याला एनडीए, मग हैदराबादजवळ दुंडीगलची अकादमी, आणि २००३ साली कमिशन. त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम मिळाली, म्हणजे मालवाहू विमानं. फायटर मिळालं नाही म्हणून तेव्हा तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नव्हता. गंमत अशी की वीस वर्षांनी तीच गोष्ट त्याच्या कामी आली. ते कसं, तेही सांगतो.

त्याने उडवलं ते एएन-३२. दोन पंख्यांचं, सोव्हिएत बनावटीचं, उंचावरच्या छोट्या धावपट्ट्यांसाठीच जणू जन्माला आलेलं विमान. लडाखमधल्या चौक्या आणि अरुणाचलमधली मेचुकासारखी ठिकाणं यांना धान्यापासून केरोसीनपर्यंत सगळं पोचवायचं ते याच विमानाने. काही ठिकाणी दरी इतकी अरुंद की एका टप्प्यानंतर परत फिरायला जागाच नसते. उतरायचं की नाही ते त्या आधीच ठरवायचं, आणि ठरलं की उतरायचंच. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ पोचलं नाही, तेरा जण गेले. दादा तेव्हा जोरहाटला नव्हता, चंदीगडला होता. पण आमच्या आईला जोरहाट आणि चंदीगड यातला फरक त्या रात्री कोण समजावणार? मी इथून फोन करत होतो, वहिनी तिथून करत होत्या, आणि आई दोघांनाही एकच विचारत होती, "त्याचा आवाज ऐकव."

तरीही त्याने एअरफोर्स सोडली ती भीतीने नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नातेवाइकांत तशी कुजबुज झाली होती. कारण वेगळं होतं आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. सैन्यात वैमानिक जसजसा वर चढतो तसतसा तो विमानातून खाली उतरतो. विंग कमांडरपर्यंत ठीक. पुढे ग्रुप कॅप्टन झालात की टेबल, फाइली, हेडक्वार्टर्स. उडणं नावापुरतं. दादाला २०२१ मध्ये दिल्लीत असंच एक टेबल मिळालं. तो म्हणाला, "अरे, मी फाइलींवर सह्या करायला चांगला आहे, पण मी त्याच्यासाठी गेलो नव्हतो."

आणि इथे एक घड्याळ चालू होतं. नागरी लायसन्स मागायला जाता तेव्हा तुमचे एकूण तास मोजतात, पण त्याबरोबर अलीकडचे तासही बघतात. तुम्ही दहा वर्षांपूर्वी काय उडवलं यात कुणाला फारसा रस नसतो. म्हणजे बढती घेऊन पाच वर्षं खुर्चीत बसलात, की बाहेर पडताना हातात मानसन्मान भरपूर आणि चालू उड्डाण शून्य. उलट फार लवकर सोडावं तर पेन्शन नाही. पर्मनंट कमिशनच्या अधिकाऱ्याला पेन्शन लागते वीस वर्षांनी. शॉर्ट सर्व्हिसवाले वैमानिक चौदा वर्षांनी बाहेर पडतात, पण पेन्शनशिवाय. शिवाय मनात आलं आणि राजीनामा दिला असं नसतं. मुदतीआधी बाहेर पडायला रीतसर अर्ज करावा लागतो आणि हवाई दल तो नाकारू शकतं. वैमानिक घडवायला सरकारचे कोट्यवधी रुपये गेलेले असतात, ते का सहज सोडतील? मला विचाराल तर त्यांचं बरोबरच आहे.

तर दादाची खिडकी अशी चिंचोळी होती. वीस वर्षं भरायला हवीत, आणि तोपर्यंत हात चालू राहायला हवा. त्याने दिल्लीहून परत फ्लाइंग पोस्टिंग मागून घेतलं, बढतीच्या बोर्डाकडे पाठ फिरवली, आणि २०२२ मध्ये अर्ज टाकला.

आता आमच्या अण्णांबद्दल. अण्णा सातारा आगारात एसटीचे वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर चालक-वाहकांच्या ड्युट्या लावल्या. मुलगा विंग कमांडर, याचा त्यांना इतका अभिमान की घराच्या पाटीवर त्यांचं नाव खाली आणि दादाचं वर. त्यांना हे कळलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "म्हणजे देशाची नोकरी सोडून तू आता एसटी चालवणार." आणि दोन महिने त्याच्याशी बोलणं बंद. माझ्याशी मात्र रोज बोलायचे, कारण मी त्याला समजवावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मी दादाला काही समजावलं नाही. मी अण्णांना माझं काम समजावलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, एअरलाइन म्हणजे एसटीच. मी रोज कॉम्प्युटरवर जे करतो ते तुम्ही तक्त्यावर करत होतात. मुक्कामी गाडी असते ना, तसाच इथे वैमानिकाचा हॉटेलात मुक्काम असतो. स्पेअर ड्रायव्हर डेपोत बसून असतो, तसा इथे रिझर्व्हवरचा वैमानिक फोनजवळ बसलेला असतो. आणि चांगल्या रूटवर कोण जाणार, दिवाळीची सुट्टी कुणाला मिळणार, ते कशावर ठरतं? अण्णा फोनवर ताडकन म्हणाले, "सिनिऑरिटीवर! दुसरं कशावर ठरणार?"

मंडळी, मला आज एकच गोष्ट सांगायची झाली तर ती ही. विशेषतः अमेरिकेत, एअरलाइनमध्ये तुमचं पूर्वायुष्य विचारात घेतलं जातं ते नोकरी देताना. नोकरी मिळाली त्या दिवशी तुम्हाला एक नंबर मिळतो आणि पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं. कुठल्या शहरात बेस, कुठलं विमान, महिन्याचं वेळापत्रक, सुट्ट्या, कॅप्टन कधी होणार, सगळं. तुम्ही युद्धात पदक मिळवलेलं असो, तुमच्याआधी एक दिवस रुजू झालेला पंचवीस वर्षांचा पोरगा तुमच्या आधी सुट्टी निवडतो. आमच्या सिस्टिममध्ये शौर्यपदकासाठी कॉलम नाही. आणि कंपनी बदलली की पुन्हा यादीच्या तळाला. सैन्यात पाच वर्षं जास्त काढायची की नाही, या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणूनच आकड्यात असतं. निवृत्तीचं वय भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे ६५. अमेरिकेत ते २००७ च्या डिसेंबरपर्यंत ६० होतं. बाहेर पडायला जितका उशीर, तितका यादीत वर सरकायला वेळ कमी.

अण्णांना हे पटायला वेळ लागला नाही. त्यांनी दादाला फोन केला आणि विचारलं, "ठीक आहे, पण मग आता थांबलायस कशाला? रोज एक माणूस तुझ्या पुढे लागतोय."

आता कारकुनी. दादाची लॉगबुकं. वीस वर्षांची, हाताने लिहिलेली, जाडजूड. सैन्यातलं लॉगबुक सैन्याच्या प्रश्नांची उत्तरं देतं. कुठलं मिशन, कुठला सराव, दिवसा की रात्री, पहिला वैमानिक कोण. नागरी खात्याचे प्रश्न वेगळे. कमांडमध्ये किती तास, क्रॉस कंट्री किती, रात्रीचे किती, नुसत्या उपकरणांवर किती. भारतात एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्सला एकूण १,५०० तास लागतात. ते दादाकडे दुपटीपेक्षा जास्त होते, पण ते त्या रकान्यांत बसवून दाखवायला हवेत. तर त्याने पानांचे फोटो पाठवायचे, मी एक्सेलमध्ये भरायचं, सूत्रं लावायची, बेरीज जुळत नसली की त्याला पहाटे उठवायचं. चार महिने शनिवार-रविवार हाच उद्योग. माझी बायको म्हणायची, "तू एवढं आपल्या टॅक्सचं केलं असतंस तर?" पण मला त्या ओळी भरताना पहिल्यांदा कळलं की माझा भाऊ वीस वर्षं काय करत होता. २०१३ च्या जूनमध्ये, उत्तराखंडच्या प्रलयाच्या वेळी, एकाच दिवसात त्याच्या नावावर किती फेऱ्या आहेत ते मी त्या पानावर वाचलं. त्या आठवड्यात मी त्याला नवीन लॅपटॉप कुठला घेऊ असं विचारायला फोन केला होता, आणि त्याने शांतपणे मला प्रोसेसरबद्दल सांगितलं होतं.

फायटर न मिळाल्याचा फायदा इथे कळला. फायटरची एक फेरी तासाभराची, कधी त्याहून कमी. पंधरा वर्षं जीव ओतूनही तासांची बेरीज लहान राहते. मालवाहू विमानवाल्याचे तास भराभर वाढतात, दोन वैमानिकांनी मिळून जड विमान चालवायची सवय असते, आणि मागे कुणीतरी बसलंय याचंही भान असतं. हेलिकॉप्टरवाल्यांचं सगळ्यात अवघड. हजारो तास असूनही ते विमानाचे तास नव्हेत, म्हणून त्यांना बरंचसं नव्याने सुरू करावं लागतं.

परीक्षाही असतातच. हवाई नियमांचा पेपर, रेडिओवर बोलण्याचा परवाना, वैद्यकीय तपासणी. रेडिओचा परवाना वर्षानुवर्षं दूरसंचार खात्याकडे होता, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने तो नागरी विमान वाहतुकीच्या छत्राखाली आणला. दादाच्या वेळी जुनीच पद्धत होती. बेचाळिसाव्या वर्षी, वीस वर्षं रेडिओवर बोललेला माणूस, विशीतल्या मुलांबरोबर बाकावर बसून रेडिओवर कसं बोलायचं याची परीक्षा देत होता. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "बरं झालं, मी भाषाच दुसरी बोलत होतो."

मग एअरबस ३२०. एएन-३२ मध्ये दोन वैमानिकांबरोबर नेव्हिगेटर आणि फ्लाइट इंजिनिअर असतात. हाताला जोर लागतो. एअरबसमध्ये दोघेच, नेव्हिगेटर आणि इंजिनिअर दोघंही कॉम्प्युटरमध्ये गेलेले, आणि हाताशी जॉयस्टिकसारखी छोटी दांडी. माझ्या क्षेत्रातलं म्हणून मला तिथे जास्त बोलता येतं. आपण दांडी हलवतो तेव्हा पंखावरचे पडदे थेट हलत नाहीत, कॉम्प्युटरला विनंती जाते आणि कॉम्प्युटर ठरवतो किती हलवायचं. दादाला सिम्युलेटरमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला असेल? विमान न उडवायला. म्हणजे हात मागे ठेवायला, ऑटोपायलट काय करतोय ते वाचायला, आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या शब्दांत मोठ्याने बोलायला. त्याचा इन्स्ट्रक्टर म्हणायचा, "सर, तुम्ही मनात फार छान उडवता, जरा मलाही ऐकू द्या."

आणि मग शेजारचा कॅप्टन. त्याच्या पहिल्या काही फ्लाइट्सपैकी एकीत कॅप्टन एकोणतीस वर्षांचा होता. दादा त्रेचाळीस. खांद्यावरच्या पट्ट्यांचं तर विचारूच नका. हवाई दलात विंग कमांडरला तीन पट्ट्या असतात, एअरलाइनमध्ये सहवैमानिकालाही तीन. फोटो बघून आई म्हणाली, "एवढ्यासाठी परीक्षा दिल्यास? तीन तर आधीच होत्या." विमानतळाच्या गेटवर कडक सलामाऐवजी सीआयएसएफचा जवान म्हणतो, "सर, लॅपटॉप बाहेर काढा." दादाला त्याचं काही वाटलं नाही असं तो सांगतो. वहिनी सांगतात की पहिले दोन महिने तो घरी येऊन बूट फार जोरात ठेवायचा.

इथे मला एक गंभीर गोष्ट बोलायची आहे, आणि ती जपून बोलतो. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं विमान कोळिकोडला पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. १९० जण होते, २१ गेले, त्यात दोन्ही वैमानिक. कॅप्टन दीपक साठे आपले नागपूरचे. दुंडीगलला स्वोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले, हवाई दलातले जुने जाणते वैमानिक, पुढे टेस्ट पायलट. त्या माणसाच्या आयुष्यावर बोट ठेवायला मी कोणी नाही. आणि त्यांच्या लष्करी पूर्वायुष्यामुळे काही झालं असं कुठल्याही अहवालाने म्हटलेलं नाही, तेव्हा आपणही म्हणू नये. पण चौकशी अहवालात जे आहे ते सांगतो. विमान स्थिर नसताना उतरणं चालू राहिलं, ते धावपट्टीच्या मध्याच्या आसपास टेकलं, त्याआधी सहवैमानिकाने "गो अराउंड", म्हणजे परत वर चला, असं म्हटलं होतं, आणि मग त्याने स्वतःही कंट्रोल हातात घेतले नाहीत.

दादा म्हणतो, एअरलाइनच्या ट्रेनिंगचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. साधारण १,००० फुटांवर विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या रेषेत नसेल तर परत वर जायचं. चर्चा नाही. परत वर गेलात म्हणून कुणी जाब विचारत नाही. आणि उजवीकडे बसलेल्याने ते म्हणायचंच, मग डावीकडे कुणीही असो. ज्या माणसाने वीस वर्षं अशा दऱ्यांत विमान उतरवलं जिथे परत फिरायला जागाच नव्हती, आणि जिथे त्या पोत्यांची वाट बघणारे जवान होते, त्याच्या अंगात दुसरंच काहीतरी मुरलेलं असतं. ते चूक नव्हतं, त्या कामाला तेच हवं होतं. पण मागे १८० माणसं लग्नाला, मुलाखतीला, बाळंतपणाला निघालेली असतात. त्यांना उशीर चालतो. दादाला त्या एकोणतीस वर्षांच्या कॅप्टनबरोबरच एकदा बंगळूरला वाऱ्यामुळे "गो अराउंड" म्हणावं लागलं. कॅप्टनने तत्क्षणी विमान वर घेतलं. खाली आल्यावर तो दादाला म्हणाला, "थँक्यू सर." दादाने मला हे सांगितलं ते मेचुकाच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त अभिमानाने.

आता अमेरिकेचं, त्या दोन आयांसाठी.

इथे सरकार लष्करी वैमानिकाला बरंच मानतं. सेवेत वैमानिक म्हणून पात्र झालेल्याला एक लेखी परीक्षा देऊन व्यावसायिक लायसन्स मिळतं, वेगळी उड्डाण परीक्षा द्यावी लागत नाही. एअरलाइनसाठी मात्र त्याच्या वरचं लायसन्स लागतं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, पन्नास माणसं गेली. त्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला खेटे घातले आणि २०१० मध्ये कायदा झाला. २०१३ पासून सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट आली. त्यात सवलती आहेत. चार वर्षांची मान्यताप्राप्त विमानविद्येची पदवी असेल तर १,०००, आणि लष्करी वैमानिकाला ७५०. म्हणजे सवलत सगळ्यात मोठी लष्कराला. त्याशिवाय परीक्षेआधी एक सक्तीचा कोर्स, ३० तास वर्गात आणि १० तास सिम्युलेटरमध्ये.

पण ७५० तासांवर भाळू नका. अमेरिकन एअरफोर्स वैमानिकाकडून ट्रेनिंग संपल्यापासून दहा वर्षांची सेवा लिहून घेते. कॉलेज बावीसला संपलं, ट्रेनिंगला वर्ष-सव्वा वर्ष, वर दहा. मुलगा तेहेतीस-चौतिसाव्या वर्षी मोकळा होतो. त्याच्या वर्गातला मित्र कर्ज काढून नागरी मार्गाने गेला असेल, तर तोवर तो यादीत बराच पुढे सरकलेला असतो. त्याच्या डोक्यावर कर्ज, तुमच्या मुलाच्या डोक्यावर काही नाही. त्याच्याकडे नंबर, तुमच्या मुलाकडे अनुभव. हा हिशोब प्रत्येक घराने आपापला करावा. एक मधला रस्ता आहे, तो आपल्या लोकांना फारसा माहीत नाही. नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये राहून एअरलाइनमध्येही नोकरी करता येते. लष्कराने बोलावलं तर जायचं, आणि १९९४ च्या कायद्याने तेवढ्या काळात एअरलाइनमधली सिनिऑरिटी चालू राहते. माझ्या समोर बसणाऱ्यांपैकी कित्येक जण असे आहेत. सोमवारी आमच्या मीटिंगला, शनिवारी टँकर विमानात. आणि हो, इथे लष्करी अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर भागत नाही.

या वाटेने आलेली दोन नावं तुम्हाला माहीत आहेत. हडसन नदीत विमान उतरवणारे सलेनबर्गर १९८० पर्यंत एअरफोर्समध्ये फँटम उडवत होते. २००९ साली ते विमान उतरलं तेव्हा त्यांनी लष्कर सोडून एकोणतीस वर्षं झाली होती, त्यामुळे "फायटर पायलट होता म्हणून जमलं" हे मला अर्धंच पटतं. आणि २०१८ मध्ये इंजिन फुटून खिडकी गेलेलं विमान फिलाडेल्फियाला उतरवणाऱ्या टॅमी जो शल्ट्स या नेव्हीत एफ-१८ उडवत होत्या. त्या विमानातली एक प्रवासी बाई वाचली नाही. रेडिओवरचा त्यांचा आवाज ऐका कधीतरी. किराणा सामानाची यादी वाचावी तसा आहे.

एका काकांनी मघाशी विचारलं, दादाला इकडे का आणत नाहीस? त्याचे तास इथे मोजले जातील, पण लेखी परीक्षेवरची ती लष्करी सवलत अमेरिकेच्या सेनेची. त्याला सगळ्या परीक्षा पायरीपासून, आणि वर काम करण्याचा परवाना. मुख्य म्हणजे इथे तो पुन्हा शेवटच्या नंबरावर. तो म्हणतो, "एकदा तळाला बसलोय, पुरे."

सध्या त्याचा बेस मुंबई आहे. कॅप्टनच्या परीक्षेच्या यादीत त्याचं नाव आलंय, कधी बोलावतील ते ठरलेलं नाही. क्वार्टर गेलं, कॅन्टीन कार्ड राहिलं, वहिनींना लग्नानंतर पहिल्यांदा भिंतीला स्वतःच्या पसंतीचा रंग लावता आला. अण्णा दर महिन्याला त्याची ड्युटी लिस्ट मागवून घेतात आणि तपासतात. मागच्या महिन्यात त्यांना त्यात एक चूक सापडली, दोन ड्युट्यांच्या मधली विश्रांती कमी धरली होती. दादाने ऑफिसला कळवलं, त्यांनी दुरुस्त केली.

लॉगबुकाची ती एक्सेल शीट मी साफसूफ करून ठेवली आहे. कुणाला भाच्या-पुतण्यासाठी हवी असेल तर जेवणाच्या रांगेत मला गाठा, मी श्रीखंडाच्या जवळपास असेन.